ताराचंदभाऊंचा गुप्त पासवर्ड

कॉम्प्युटर नवा घ्यायचा पण राउटर जुनाच ठेवायचा, हा निर्णय ताराचंदभाऊंनी भाकरी मोडता मोडता घेतला. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ त्या भाकरीत आहे.

निर्णय त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. हा गृहस्थ आष्टीच्या एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळत बसलेला. आत आलेली वस्तू सहजासहजी बाहेर जाऊ द्यायची नाही, ही कचेरीतली सवय त्यांनी तळेगावच्या घरीही आणली होती. माळ्यावर तीन मोडक्या छत्र्या होत्या, चार बंद घड्याळं होती आणि मिक्सरची दोन झाकणं होती. (मिक्सर नव्हता. तो सासुरवाडीला गेला तो गेलाच.)

"बाबा, दुकानदार म्हणत होता, राउटरही बदलून घ्या," सपना म्हणाली.

"काऊन? सात वर्षं झाले, एक दिवस सुट्टी नाई घेतली त्यानं."

"संध्याकाळी किती हळू चालते तो!"

"संध्याकाळी तं मीबी हळू चालतो. मलेबी बदलता काय?"

सपनाने आईकडे पाहिलं. सरिताबाई मात्र एरवी नवऱ्याचं बोलणं पूर्ण होण्याआधीच खोडून काढणाऱ्या, त्या दिवशी चटकन म्हणाल्या, "राहू द्या जी जुनाच. चांगला हाय बिचारा." बायको आपल्या बाजूने बोलली या आनंदात ताराचंदभाऊंनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. तिथेच त्यांना संशय यायला हवा होता.

कॉम्प्युटर आणला होता तो सपनासाठी. पोरगी एम.एस्सी. झालेली, नागपूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा निघालेली. बुधवारी दुपारी चार ते पाच ऑनलाइन परीक्षा. ती मोबाईलवर उघडत नाही, कॉम्प्युटरच लागतो, आणि चारच्या ठोक्याला जो आत आला तो आला. राहिला तो वर्षभर राहिला. दोन महिने पोरीने रात्रीचा दिवस केला होता. आता सगळं त्या एका तासावर येऊन ठेपलं होतं.

बुधवारी ताराचंदभाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अडीचला सगळ्या वायरी जागच्या जागी खोचून झाल्या. पडद्यावर आसपासच्या नेटची यादी आली आणि सगळ्यात वर नाव झळकलं : ताराचंद. आपलं नाव यादीत पहिलं पाहून त्यांना शाळेपासून न मिळालेलं समाधान मिळालं. त्यांनी नावावर टिचकी मारली. कॉम्प्युटरने नम्रपणे पासवर्ड विचारला.

"इथंच तं खरी गंमत हाय," ताराचंदभाऊ हात चोळत म्हणाले.

पासवर्ड हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम होता. सात वर्षांपूर्वी तो टाकताना त्यांनी जोडायला आलेल्या माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. गल्लीत कोणी मागितला तर ते चहा पाजत, पण पासवर्ड देत नसत. "कंपनीची मनाई हाय," असं सांगत. तो एकाच चिठ्ठीवर लिहून त्यांनी सरिताबाईंच्या स्वाधीन केला होता आणि बजावलं होतं, "पोटात ठेव." त्यांच्या फोनला तो तोंडपाठ होता, सरिताबाईंच्या आणि सपनाच्याही. त्यामुळे सात वर्षांत तो आठवायची वेळच आली नव्हती.

बोटं कळांवर ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं की डोकं लख्ख धुतलेल्या परातीसारखं रिकामं आहे.

"सांगा ना बाबा."

"सांगतो. घाई काऊन करून राह्यली?" त्यांनी स्वतःची जन्मतारीख टाकली. चुकलं. कचेरीतला नोकरीचा नंबर टाकला. चुकलं. मग चेहरा उजळला. "लग्नाची तारीख असन!" त्यांनी टपटप एकोणीस मे टाकली. तीही चुकली.

"ही कोणाच्या लग्नाची तारीख?" मागून सरिताबाईंचा आवाज आला.

"आपल्या."

"आपलं लगन सतरा मेले झालं. एकोणीसले तुमी कोणासंग उभे राह्यले होते?"

ताराचंदभाऊंनी निमूटपणे सतरा मे टाकली. तीही चुकली, म्हणजे निष्ठा दाखवूनही फायदा झाला नाही.

"तिघांच्याही फोनात पासवर्डच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात," सपना म्हणाली. "अन् फोनच्या रेंजवर परीक्षा चालत नाई, घरात एकच दांडी येते. वायर लावू का?" पण मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हापासून राउटरच्या मागची वायरीची भोकं मेली होती. बाहेरून नेट आत येई आणि हवेतून सुटे, बाकी काही नाही.

"चिठ्ठी कुठी हाय?" ताराचंदभाऊंनी बायकोला विचारलं.

"कोणती चिठ्ठी?" सरिताबाई म्हणाल्या आणि फोडणीला कढीपत्ता नाही म्हणून शेजारी निघून गेल्या. चुलीवर काहीही नव्हतं. दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत आल्या. मग हळद संपली म्हणून पुन्हा गेल्या. बाईचं आज काय बिनसलंय हे ताराचंदभाऊंना कळेना.

तीन वाजले. सपना पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत होती. पोरीची ती नजर ताराचंदभाऊंच्या काळजाला लागली. सोनं म्हणून जपलेलं डबडं आपल्याच पोरीच्या आड येतंय, हे त्यांना कळत होतं.

"त्याले जरा इसावा देऊ," ते म्हणाले. "कचेरीतले मशीनं असेच करतात. बंद करून चालू केले का वळणावर येतात."

राउटर समोरच्या खिडकीत होता. आधी तो आतल्या खोलीत असे, पण काही वर्षांपूर्वी सरिताबाईंनी तो गल्लीकडच्या खिडकीत आणून ठेवला होता. "आत गरम होते बिचाऱ्याले, हवा लागू द्या," असं कारण दिलं होतं. ताराचंदभाऊंनी बटण बंद केलं. राउटरचे हिरवे डोळे मिटले.

तीन मिनिटं झाली नसतील, तोच दारात शेजारच्या कांताबाई उभ्या. "सरिताबाई व, नेट काऊन गेलं?"

त्यांच्या मागे समोरच्या घरातली शालू आली. "माही मालिका अर्ध्यात अटकली. सासू पायऱ्या चढून राह्यली होती!"

तिच्या मागे कमला. "आमच्या घरचंबी गेलं व माय."

ताराचंदभाऊंचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे तुमचंबी गेलं! मंग कंपनीचंच गेलं. मले वाटलं, माह्याच घरी घोळ हाय." दुःख सगळ्यांचं आहे म्हटल्यावर माणसाला धीर येतो. त्याच धिराने त्यांनी राउटरचं बटण पुन्हा चालू केलं. डोळे लुकलुकले आणि ओसरीवरचे तीन फोन एकाच वेळी टिंग वाजले.

"आलं!" तिघी एका सुरात म्हणाल्या आणि जायला वळल्या.

आवक-जावकच्या माणसाला गोष्ट उशिरा कळते, पण कळते. ताराचंदभाऊंनी बटण पुन्हा बंद केलं.

"गेलं!" तिघी परत फिरल्या.

त्यांनी चालू केलं. टिंग. बंद केलं. हाय हाय. असं चार वेळा झालं. मग ते सावकाश बायकोकडे वळले. सरिताबाई पदराच्या टोकाला पीळ घालत उभ्या होत्या.

"सरिता, चिठ्ठी कुठी हाय?"

"लुटली," सरिताबाई म्हणाल्या.

"काय लुटली?"

"वाणात लुटली. कोरोनाच्या वर्षीच्या संक्रांतीले."

संक्रांतीला हळदीकुंकू लावून बायकांना वाण लुटायचं असतं, म्हणजे कंगवा, वाटी, चाळणी असं काहीतरी हातावर ठेवायचं, हे ताराचंदभाऊंना माहीत होतं. दरवर्षी त्या चाळण्या तेच उचलून आणत. पण आपला पासवर्ड तिळगुळासोबत गेला, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"त्या वर्षी पोरांच्या शाळा मोबाईलवर होत्या," सरिताबाईंनी मान वर केली. "कमलाची पोरगी पाण्याच्या टाकीवर चढून रेंज पाहे. एक दिवस पडता पडता वाचली. म्या म्हटलं, वाटी देऊन काय करू? लोकाच्या घरी वाट्या हायेत. तुमचे इंग्रजी अक्षरं मले वाचता येत नाई, तं नुसतं पाहून पाहून आठ चिठ्ठ्या उतरवल्या. नववी धुरपताबाई आली, तिच्यासाठी चिठ्ठी नव्हती. सुवासिनीले रिकाम्या हातानं कशी धाडू? तुमी देलेली असल चिठ्ठीच देऊन टाकली."

"मले इचारायचं होतं!"

"इचारलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं?"

"नाईच म्हटलं असतं," ताराचंदभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

"म्हणून नाई इचारलं."

म्हणजे गेली काही वर्षं संध्याकाळी धापा टाकणारा आपला राउटर म्हातारा झाला नव्हता. बिचारा नऊ घरांचं पाणी भरत होता. ताराचंदभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी सरिताबाईंच्या पदराची पिन मागून घेतली आणि राउटर उलटा केला. "हे बारीक भोक दाबलं का सारं पुसून जाते. नवा पासवर्ड टाकतो, अन् आता कोणाच्या बापाले नाई सांगत!"

"दाबू नोका, भाऊ!" कांताबाई ओरडल्या. "माह्या भावानं तिकडं रोहणा गावी असंच दाबलं होतं. कंपनीचं सारंच पुसल्या गेलं. माणूस यायले चार दिवस लागले!"

पिन हवेतच थांबली. घड्याळात तीन वीस झाले होते. ताराचंदभाऊंनी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्यांनी पिन खाली ठेवली. राग गिळला तो गिळलाच.

"तुमच्यापाशी चिठ्ठ्या असन ना?" त्यांनी हात जोडून विचारलं.

शालूची पावसात भिजली होती. कमलाची लेकराने खाल्ली होती. कांताबाई म्हणाल्या, "फोनले पाठ झाल्यावर कोण ठेवते? ठेवली असन तं धुरपताबाईनं. ते वाणाची वस्तू टाकत नाई."

"म्या दोनदा जाऊन आली," सरिताबाई हळूच म्हणाल्या. "ते वावरात गेली हाय." कढीपत्त्याचं कोडं असं सुटलं.

ताराचंदभाऊंनी गाडीला किक मारली. धुरपताबाई वांग्याच्या वावरात होत्या. वय पासष्टच्या पुढे, बाजारात भाजी विकून आवाज खणखणीत झालेला. ताराचंदभाऊंनी बांधावरूनच हाक दिली, "धुरपताबाई, पासवर्ड!"

बाईंनी तोडायला धरलेलं वांगं सोडलं आणि चहूकडे पाहिलं. "वरडता काऊन? अशी गोष्ट मोकळ्या वावरात सांगत असतात काय? घरी चाला."

त्या गाडीवर मागे बसल्या, टोपलं मांडीवर घेऊन. खड्डा आला की ताराचंदभाऊंच्या पाठीत वांगं बोचे. स्वतःच्या घरी पोचल्यावर बाईंनी आधी पाय धुतले, मग मोहरीचा डबा उघडला, मोहरीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पुडीत गुंडाळलेली चिठ्ठी काढली. कागदाला अजून हळदीचं बोट होतं. अक्षर ताराचंदभाऊंचं होतं.

चाराला आठ मिनिटं कमी असताना सपनाने चिठ्ठी मोठ्याने वाचली, "सरिता, एक, नऊ, शून्य, पाच." ओसरीवर गल्लीतल्या साऱ्या बाया जमलेल्या, आणि शालूने मालिकेतल्या सासूचं गाऱ्हाणं धुरपताबाईंनाही सांगून झालेलं.

"एकोणीस पाच म्हंजे काय?" शालूने विचारलं.

"आमच्या लग्नाची तारीख," ताराचंदभाऊ पुटपुटले. आपण बायकोचं नाव ठेवलं होतं याचा त्यांना अभिमान वाटत होता आणि तारखेची लाजही वाटत होती.

"सतरा मे," सरिताबाई म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. आपलं नाव इतकी वर्षं त्या डबड्यात जपलेलं होतं, हे त्यांनाही बरं वाटलं.

कॉम्प्युटर जोडला गेला. पण परीक्षेचं पान काही केल्या पूर्ण उघडेना, गोल चक्र फिरतच राहिलं. धुरपताबाईंनी ते पाहिलं आणि ओसरीवर जाऊन बाजारातला आवाज लावला, "आयका व! पोरीची परीक्षा हाय. पाच वाजेपर्यंत कोणी नेट लावजा नोका. शालू, तुही सासू पायऱ्यायवरच राहू दे!"

गल्लीतले फोन एकामागून एक शांत झाले. पान फटकन उघडलं. चार वाजले आणि सपना आत गेली. तासभर गल्लीत कोणी व्हिडिओ पाहिला नाही, मालिका लागली नाही. बाया ओसरीवर शेंगा फोडत कुजबुजत बसल्या आणि ताराचंदभाऊ दारावर पहारा देत उभे राहिले.

पाच वाजता सपना हसत बाहेर आली. "सगळं सोडवलं, बाबा. एकदाही अडकलं नाई."

ताराचंदभाऊंची छाती फुगली. "पाह्य! मी म्हणत नव्हतो? राउटर जुना हाय, पण सोनं हाय सोनं." त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून खिशात टाकली.

धुरपताबाईंनी हात पुढे केला. चिठ्ठी परत घेतली, पुडीत गुंडाळली आणि कमरेला खोचली. मग दारात थांबून आवाज खाली आणला.

"भाऊ, तुमी घरचेच म्हणून तुमाले सांगतलं. पण आता पुढं कोणाले सांगजा नोका. लोकं वाढले का नेट लय हळू चालते."