भर रस्त्यातील बेटाची फत्ते

आज्ञा कोणाचीच नसतां, केवळ जिवास राहवेना सबब, हे वर्तमान लिहावयास घेतले असे. वाचणारांनी मनमुराद हसावे, परंतु रस्ता ओलांडतेसमयी पुस्तक मिटून ठेवावे.

थोरल्या बाईसाहेब, इस्पितळातून निवृत्त जाहलेल्या परिचारिका, रस्त्याचे उगवतीस राहात, आणि त्यांची धाकटी बहीण, शिवणकामांत बहुत निष्णात, मावळतीस राहात. खिडकीस खिडकी दिसे. मध्यें सहापदरी रस्ता, त्यावर मोटारी, बसगाड्या आणि दुचाक्यांचे पेंढार अष्टौप्रहर धावे. हिरवा दिवा पादचारियांस बारा आकडे मोजी, आणि थोरलीचे गुडघे तीस मागत. धाकटीची कंबर धरलेली. मग सात महिने भेट नाही. खिडकीतून हात हलवावा, फोनवर भांडावे, आणि समोरासमोर नाही म्हणोन भांडणास चव नाही, ऐसा कठीण प्रसंग गुदरला.

मग थोरलीने रस्तेखात्याचे अभियंता साहेबांस अर्ज केला कीं, दिवा तीस आकडे चालवावा आणि रस्त्याचे मध्यभागी एक बेट द्यावे, जेणेंकरून अर्ध्यावर दम खातां येईल. साहेब समजदार, परंतु त्यांचे कारकून अकलेचे खंदक. बेट म्हणजे बांबूचेच, ऐसा तर्क लढवून त्यांणी अर्ज उद्यानखात्याकडे रवाना केला. यापेक्षां 'ध'चा 'मा' परवडला! उद्यानखाते कधी नव्हे ते तत्पर जाहले. तिसरे दिवशी माळ्यांची फौज टिकाव, फावडी आणि पाण्याचा टँकर घेऊन चालून आली, आणि डांबर फोडून भर रस्त्यात चाळीस बांबू रोविले.

एकच हाहाकार जाहला. खासे साहेब धावोन आले. थोरलीने खिडकीतून पुकारिले, "अहो साहेब, उभं राहायला जागा मागितली होती, जंगल नाही!"

साहेब खजील होऊन बांबू उपटावयाचा हुकूम देणार, तों पाहतात तर बेबंद गाड्या बांबूंस वळसा घालोन मुंगीच्या पावलांनी चालिल्या! जे पाट्यांनी आणि दंडांनी साधले नाही, ते बांबूंनी साधिले. मग साहेबांनी तेथेच मसलत केली आणि फर्मान काढिले कीं, बांबू बागेंत न्यावे, रस्ता दोहों बाजूंनी आवळावा, मध्यें कठड्याचे पक्के बेट बांधोन त्यावर बाक ठेवावा आणि दिवा तीस आकडे चालवावा. महिन्याभरांत काम तडीस गेले.

मग एके सकाळी थोरलीने काठी टेकीत कूच केले, आणि सतरा आकडे शिल्लक असतां बेट काबीज केले. तों समोरून धाकटीही कंबरेवर हात ठेवोन बेटावर दाखल जाहली.

"किती वाळलीस गं!"

"तू बोलूच नकोस. परवा फोन कोणी आपटला?"

मग उभयतां बाकावर बसल्या, आणि थोडे रडून घेऊन भांडण ऐसे रंगले कीं ज्याचे नांव ते. हिरवा दिवा अकरा वेळां लागला, अकरा वेळां मोटारी अदबीने थांबल्या.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दोघींपैकी कोणीही रस्ता ओलांडिला नाही, हेही सत्य असे, सबब नमूद केले.