निघण्याआधीची खुशाली

"बाबा, माझं पत्र आलंय!" बुधवारी दुपारी भिंगरी दारातूनच ओरडली. "मी शिबिरात सुखरूप पोहोचले आणि मजेत आहे."

जावकरावांचा घास हातातच राहिला. मुलगी समोर उभी होती, एका पायात मोजा, दुसरा पाय तसाच. आणि तिचं शिबिर सुरू व्हायचं होतं शनिवारी.

जावकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात ते बावीस वर्षं होते. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट त्यांच्या हातून जायचं. टेबलावर बंद पाकीट दिसलं, की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. एकदा साहेबांनी रागाच्या भरात राजीनामा लिहिला, पाकिटात घातला आणि जेवून आल्यावर शांतपणे विचार करू म्हणून टेबलावर ठेवला. साहेब जेवून आले, तेव्हा विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरातही तीच शिस्त. शिबिराच्या पत्रकात लिहिलं होतं की मुलांनी फोन आणू नये, तिसऱ्या दिवशी घरी खुशालीचं पत्र लिहावं. भिंगरीला लिहिण्याचा इतका कंटाळा, की वहीवर स्वतःचं आडनावसुद्धा ती निम्मंच लिहायची. "तिथे जाऊन तू ओळ लिहायची नाहीस," जावकराव म्हणाले होते. "कामं तुंबू द्यायची नाहीत. आत्ताच लिही, तिथे नुसती पेटीत टाक." रविवारी संध्याकाळी तिला बसवून त्यांनी दोन पत्रं लिहून घेतली, तिकिटं चिकटवली आणि टेबलावर ठेवली. सोमवारी सकाळी कचेरीत जाताना त्यांना टेबलावर दोन बंद पाकिटं दिसली.

मंगळवारपासून ते मुलीच्या तयारीसाठी रजेवर होते. रजेवर असलेल्या माणसाला आपण काय जावक केलं, याची आठवण कशाला येईल?

"दुसरं पत्र कुणाला होतं?" बायकोने विचारलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. समोरचा माणूस ओरडण्याच्या बेतात असताना शांत आवाजात बोलायची तिला सवय होती.

"ताईला," जावकराव म्हणाले, आणि त्यांनी घास ताटात ठेवून दिला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा जावकरावांना तिनेच वाढवलं. पुढे तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिच्या मते जगात पोरी हरवण्याच्या, भिजण्याच्या आणि आजारी पडण्याच्या एकंदर दोनशे जागा होत्या आणि त्यातल्या एकशे नव्वद शिबिरांमध्ये होत्या. गेल्या वर्षी सहलीला निघालेल्या भिंगरीला तिने जिन्यातून परत आणलं होतं. भिंगरी तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. जावकरावही बोलले नव्हते, पण ते ताईसमोर कधीच बोलत नसत. सेहेचाळीस वर्षांत ताईला 'नाही' म्हटल्याची नोंद नव्हती. म्हणून या वेळी बेत असा होता, की मुलगी आधी जाईल, मग तिकडून पत्र जाईल. ताई चिडेपर्यंत शिबिर संपलेलं असेल.

"काय लिहिलं होतंस आत्याला?" बायकोने विचारलं.

"खरं वाटावं म्हणून जरा रंगवून लिहिलं," भिंगरी म्हणाली. "ओढ्यावर दोरी बांधलीये, तिच्यावरून रोज पलीकडे जातो. दोरी थोडी हलते, पण सवय होते, असं."

"दोरी कशाला हलवायची?" जावकराव कळवळले.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाळ, भिंगरी गेली?" ताईने विचारलं.

खरं सांगायला जावकरावांनी तोंड उघडलं. समोर भिंगरी दोन्ही हात जोडून उभी होती. शनिवारसाठी तिने महिनाभर उलटी मोजणी करून भिंतीवर फुल्या मारल्या होत्या.

"गेली," जावकराव म्हणाले.

मग ताई म्हणाली, "मला न सांगता. असो. गेली त्याला आता काय करणार? बायको तुझी रडत असेल. शनिवारपर्यंत राहायला आलेय मी. खाली उभी आहे, टॅक्सीवाल्याकडे सुटे नाहीत, उतर."

जावकराव जिने इतके सावकाश उतरले, की टॅक्सीवाल्याने सुटे स्वतःच शोधले. तेवढ्या वेळात बायकोने भिंगरी, सॅक, बूट आणि विजेरी मागच्या खोलीत लोटली. तिथे शिबिराचा तंबू तपासण्यासाठी आधीच उभा केलेला होता. भिंगरी त्यात शिरली. बायकोने बाहेरून कडी लावली आणि ताईंच्या स्वागताला डोळे चोळून लाल केले.

"या खोलीला कडी का?" ताईने पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारलं.

"झुरळांचं औषध मारलंय," बायको म्हणाली.

"कितीसं?"

"शनिवारपर्यंतचं."

पुढचे अडीच दिवस घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. भिंगरी ताईच्या आधी, पाचला उठायची आणि पाण्याचा आवाज न करता अंघोळ उरकायची. आजवर जिला हाका मारून मारून शेजारी उठायचे, ती मुलगी! स्वतःचं ताट स्वतः धुवायची, कारण चौथं ताट मोरीत दिसून चालणार नव्हतं. जावकराव जेवताना एक पोळी खायचे आणि दोन खिशात घालायचे. "बाळ, भूक वाढलीये तुझी," ताई म्हणाली. "मुलीची आठवण आली की मला भूक लागते," जावकराव म्हणाले. तिने त्यांच्या पानात आणखी दोन वाढल्या. त्या दिवशी भिंगरीला तंबूतून चिठ्ठी पाठवावी लागली, 'बाबा, पुरे.' कुणी न सांगता लिहिलेला तिच्या आयुष्यातला तो पहिला मजकूर.

गुरुवारी भिंगरी शिंकली. जावकरावांनी लगेच स्वतः चार वेळा शिंकून दाखवलं आणि ताईने त्यांना संध्याकाळपर्यंत वाफ घ्यायला लावली.

शुक्रवारी मात्र नशीब उघडलं. सकाळीच ताई छत्री घेऊन उठली. "मी जरा बाहेर जाऊन येते. काम आहे," एवढंच म्हणाली आणि थेट संध्याकाळी परतली. त्या दिवशी भिंगरीने घरभर धावून घेतलं. रात्री ताई लवकर झोपली.

शनिवारी पहाटे तिघंही चोरपावलांनी जिना उतरले. आवाज नको म्हणून जावकरावांनी चपला हातात घेतल्या होत्या. खाली आल्यावर सॅक उचलायला म्हणून त्या कठड्यावर ठेवल्या आणि तिथेच विसरल्या. चौकापर्यंत आल्यावर बायको म्हणाली, "ताईंच्या खोलीचं दार उघडं होतं हो."

"असू दे. चल."

बस वाचनालयासमोर उभी होती. मुलांची रांग लागली होती. रांगेच्या टोकाला, गळ्यात शिट्टी, हातात यादी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा अशी एक बाई उभी होती. ती ताई होती.

जावकरावांचे पाय रस्त्याला चिकटले.

"पुढे सरका," ताई म्हणाली. "रांग अडते."

"ताई, तू इथे..."

"काल शिबिराच्या कार्यालयात गेले होते. हलत्या दोरीवरून पोरींना नेता, लाज नाही वाटत, म्हणून जाब विचारायला. तिथला माणूस म्हणाला, बाई, शिबिर उद्यापासून आहे आणि आमच्याकडे दोरीच नाही." ताईने चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी सॅकमागे गेली. "तरी म्हटलं आलेच आहे तर तपासून घेऊ. पिण्याचं पाणी कुठलं, औषधांची पेटी कुठेय, मुलींबरोबर राहणारी बाई कोण? तर ती बाई आदल्या दिवशी 'नाही जमत' म्हणाली होती. माणूस रडकुंडीला आलेला. म्हणाला, तुम्हीच या ना. तीस वर्षांत कुणी इतकं अजिजीने बोलावलं नव्हतं मला."

"म्हणजे शिबिरात जाऊ द्यायला तुमची हरकत नाही?" बायको पुढे झाली.

"इतरांच्या मुली आहेत, त्यांचे आईबाप बघतील. हिची गोष्ट वेगळी." ताईने पेन्सिल भिंगरीच्या नावावर टेकवली. "सर्दी झालीये हिला. गुरुवारी कोण शिंकलं ते मला कळत नाही का? घरी ने, बाळ. पुढच्या वर्षी बघू."

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. हात जोडले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही. फक्त पाहिलं, आणि सॅकचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला.

"नाही," जावकराव म्हणाले.

ताईने कानामागे पेन खोचावं तशी बट सारखी केली. "काय म्हणालास?"

"नाही नेणार. पाचला उठते, ताट धुते, अडीच दिवस अंधारात बसली, हूं की चूं केलं नाही. ती जाणार. नाव खोडलंस तर मी या बससमोर आडवा पडेन."

ताईने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. मग परत खाली.

"आधी पायात काहीतरी घाल," ती म्हणाली. "या रस्त्यावर आडवं पडायचं तर काचा असतात." आणि तिने भिंगरीच्या नावासमोर ठसठशीत खूण केली. "चढ गं. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही."

भिंगरी एका उडीत वर गेली. मग दारातून मान बाहेर काढून म्हणाली, "आई, बाबा, काळजी करू नका. आत्याला मी सांभाळते."

शिट्टी वाजली आणि बस निघाली. चौकातून वळेपर्यंत तीन खिडक्यांतून हात बाहेर होते आणि त्यातला एक भिंगरीचा होता.

दोघं परत निघाले. जावकराव अनवाणी होते, पण चाल अशी, की पुढे बँड असावा.

"मी ताईला नाही म्हणालो," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"मोठ्याने म्हणालो ना?"

"ड्रायव्हरनेही ऐकलं."

"परत एकदा म्हणून दाखवू?"

"घरी गेल्यावर दाखवा. लोक बघतायत."

"नाही," जावकराव म्हणाले. "आत्ताच."