उंबऱ्यावरचं मीठ

बेथेलवाडीत ज्याच्या हातून पाप घडतं, त्याच्या उंबऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ आलेलं असतं. खोटेपणाचं मीठ बारीक, रागाचं जाडं आणि व्यभिचाराचं किंचित गुलाबी. मिशनच्या लोकांनी माळावर हे गाव वसवलं तेव्हापासून हे असंच चालत आलंय, आणि गावात कुणी दुकानातून मीठ आणत नाही. घरातल्या कुणाचं मीठ आहे ते जिभेवर ठेवलं की घरच्यांना कळतं. थोडंथोडकं असलं तर झाडून बरणीत भरायचं. ओंजळीपेक्षा जास्त आलं तर मात्र पंचांना कळवायचं. मग रविवारी त्या माणसाने पदरात किंवा उपरण्यात मीठ घेऊन देवळाच्या दाराशी उभं राहायचं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यातली चिमूट तोंडात टाकायची. मीठ संपलं की पाप फिटलं.

तबिथा हिवाळेच्या उंबऱ्यावर कित्येक वर्षांत मिठाचा कण आला नव्हता.

गावाने तिला डोक्यावर घेतलं होतं. बाप्तिस्म्याआधी लेकरं तिच्या मांडीवर आणून ठेवत. नवरा वारल्यावर तर देवळात पाळकसाहेबांच्या शेजारी तिच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली गेली. रविवारी त्या खुर्चीत तबिथा नुसती कडेला टेकायची, पण ते कुणाच्या लक्षात येत नसे.

कारण असं होतं. तिची धाकटी बहीण राहेल लग्नाआधीच गरोदर राहिली. मुलाचा बाप कोण ते तिने सांगितलं नाही. आईबाप नव्हते, म्हणून एका संध्याकाळी ती बोचकं घेऊन तबिथाच्या दारी आली. तबिथाचा नवरा नुकताच पंच झाला होता आणि बैठकीला गेला होता. तबिथाने हातात कंदील घेऊन दार अर्धं उघडलं.

"अक्का, मला आत घे," राहेल म्हणाली.

"अक्का या नावाचं आमच्या घरात कुणी नाही," तबिथा म्हणाली आणि तिने कडी लावली.

रात्रभर तिला झोप आली नाही. उजाडताच ती झाडू घेऊन दारात आली. नवरा उठायच्या आत मीठ भरून टाकावं, असा तिचा विचार होता. उंबरा कोरडा होता. दुसऱ्या दिवशीही कोरडाच, आणि त्यानंतर कायमचाच.

पंचांतले वडीलधारे थोमा उजगरे यांना तिने एकदा सगळं सांगून पाहिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मीठ आलं होतं का?"

"नाही. म्हणूनच तर तुमच्याकडे आले."

"मीठ नाही तर पाप नाही, तबिथाबाई. उगाच नसतं अंगावर ओढून घेऊ नका. तेही खोटं बोलणंच आहे, आणि खोट्याचं मीठ येतं."

तेही आलं नाही. मग तबिथाने मुद्दाम प्रयत्न करून पाहिले. शेजारणीची कोंबडी ढापली. पाळकसाहेबांच्या बायकोबद्दल नको ते बोलली. एका रविवारी प्रार्थना चालू असताना तिने मनातल्या मनात देवाला शिव्या दिल्या. सकाळी उंबरा पाहावा तर धुतल्यासारखा स्वच्छ. शेजारीण म्हणाली, कोंबडी तुमच्या घरी गेली, तिचं भाग्य.

यंदा उन्हाळ्यात एक धनगर मेंढरं घेऊन माळावर उतरला. तबिथाने त्याला पाणी दिलं. तो सहज म्हणाला, "वर खडकाळीला एक बाई राहते, तुमच्यासारखीच येशूला मानणारी. तिच्या दारात मीठच मीठ. आमची मेंढरं तिथनं हलतच नाहीत."

तबिथाने तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खडकाळीच्या वाटेला लागली.

वाट चढणीची होती. जसजशी ती वर गेली तसतशी झाडं विरळ झाली, मग गवतही संपलं. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पांढरा थर होता आणि पाण्यात काही हलत नव्हतं. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. वर पोचली तेव्हा भर दुपार झाली होती. घर एकच होतं. त्याच्या भिंतीला लागून मीठ वळचणीपर्यंत चढलेलं होतं, आणि बकऱ्या भिंतीकडे तोंड करून, अजिबात आवाज न करता ते चाटत होत्या.

तबिथाने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मीठ तिचंच होतं. त्याला कडीच्या लोखंडाची आणि कंदिलाच्या धुराची चव होती.

"आलीस, अक्का," दारातून आवाज आला. राहेलच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तळव्यांना भेगा पडल्या होत्या. हातात झाडू होता. "आज जाडं आलं, तुझ्या रागाचं. म्हटलं, हिला माझा पत्ता लागला, ही घरातनं निघालेली दिसते."

"हे सगळं माझं?"

"तुझंच. कोंबडीचं आलं होतं तेव्हा फार हसले मी."

तबिथा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला आत जाववेना.

"आणि बाळ?" तिने विचारलं.

"मुलगी होती. तुझ्याकडून निघाले ती या ओस घरात येऊन पडले, आणि त्याच रात्री इथेच झाली. सकाळपर्यंत जगली नाही. दार उघडलं तर समोर ढीग. माती खणायची ताकद नव्हती अंगात. त्यातच ठेवली तिला." राहेलने भिंतीच्या कोपऱ्याकडे मानेने खूण केली. त्या कोपऱ्यातलं मीठ बकऱ्यांनी चाटलेलं नव्हतं.

तबिथा खाली बसली. तिने राहेलचे पाय धरले.

"मला माफ कर."

"नाही," राहेल म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने तबिथाला हाताला धरून आत नेलं, चुलीपुढे बसवलं आणि भाकरी थापायला घेतली.

"माफ केलं की हे यायचं थांबेल, अक्का. त्या सकाळी ढीग पाहिला तेव्हा वाटलं, जगात कुणाला तरी कळलंय. तेवढ्यावर उठले मी. अजूनही तेवढ्यासाठीच दार उघडते. ते थांबलं तर दार कशाला उघडू?"

"मग मी काय करू?"

"जेव. आणि घरी जा."

भाकरीत मीठ जास्त होतं. तबिथाने ती संपवली. ती निघाली तेव्हा राहेल पुन्हा अंगण झाडायला लागली होती.

घरी पोचल्यावर तबिथा तशीच पडली. सकाळी तिने दार ढकललं तर ते उघडेना. जोर लावल्यावर फट पडली आणि मीठ घरात घरंगळलं. उंबऱ्यावर कडीपर्यंत ढीग होता. शेजारपाजारचे लोक समोर जमले होते, पण जवळ कुणी येत नव्हतं.

तिने चव घेतली. तिचं नव्हतं. लहानपणी राहेलबरोबर एका ताटात जेवताना जी ओळखीची झाली होती, ती चव होती. कुणी माफी मागितल्यावरही माफ न करणं हे बेथेलवाडीत पापच धरतात.

थोमा उजगरे काठी टेकत आले, मागून पाळकसाहेब. थोमांनी काठीने ढीग उकरून पाहिला.

"तुमची चव गावात कुणालाच ठाऊक नाही," थोमा म्हणाले. "तेव्हा तुम्ही सांगाल ते खरं. कुणाचं आहे हे?"

"माझंच," तबिथा म्हणाली.

हे खोटं होतं, आणि त्याचं बारीक मीठ उद्या कुठे पोचेल ते तिला माहीत होतं. तिला एकदम हलकं वाटलं.

रविवारी देवळातली तिची खुर्ची उचलून ठेवली गेली. तबिथा नऊवारीच्या पदरात मावेल तेवढं मीठ घेऊन दाराशी उभी राहिली. तिच्या मांडीवर ज्यांनी लेकरं दिली होती त्या बायका खाली मान घालून आल्या, चिमूट घेऊन आत गेल्या. थोमा गेले. शेजारीण गेली. पाळकसाहेबांनी चिमूट तोंडात ठेवली आणि ते तिथेच थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे पाप कसलं आहे, तबिथाबाई? अशी चव मी कधी घेतली नाही."

"पुढे चला, साहेब. मागे माणसं खोळंबली आहेत."

आत पहिलं गीत सुरू झालं. गावातली बहुतेक माणसं चिमूट घेऊन गेली होती, तरी पदर होता तेवढाच जड होता. तिने तो दुसऱ्या हातावर घेतला आणि पुढच्या माणसाला जवळ यायची खूण केली.