चूलबंद आवतण

"येत्या पाडव्याच्या आत आपल्या दुकानापुढची रांग पार एसटी स्टँडला टेकंल," शांतलिंगअप्पांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"टेकू द्या," त्यांची बायको रुद्रम्मा ताटात भाकरी टाकत म्हणाली. "पर पाडव्याला मांडण्या रिकाम्या दिसल्या न्हाईत, तर गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं. म्या शब्द दिलाय त्याला."

गाळा तिच्या वडलांनी तिच्या नावावर करून दिलेला. त्यामुळं ही धमकी नव्हती, नोटीस होती.

कळंबच्या बाजारात अप्पांचं 'गृहलक्ष्मी भांडी भांडार' सत्तावीस वर्षं चाललं. मग बरोब्बर समोर इंद्रजितनं 'स्टील मॉल' उघडला. इंद्रजित रोज एक रील टाकायचा. डोळ्यावर काळा गॉगल, हातात कुकर, मागं हलगी. शिट्टी झाली की तो हवेत बोट करायचा आणि अख्खा तालुका त्या बोटामागं दुकानात शिरायचा. अप्पांकडं आता फक्त सुट्टे मागायला माणसं येत.

म्हणून अप्पा लातूरला 'नेतृत्व आणि ब्रँडिंग' या एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आले. तिथं गालाला माईक चिकटवलेला एक कोच स्टेजवर वाघासारखा येरझाऱ्या घालत होता. "जाहिरात करू नका, आमंत्रण द्या! ग्राहकाशी नातं जोडा! आणि लीडर आपला प्लॅन आधी कुणाला सांगत नसतो!"

अप्पांनी तिन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली. दोष कोचचा नाही. त्याला काय ठाऊक, वही कळंबची आहे.

अप्पांनी चारशे लग्नपत्रिका छापल्या. लाल कागद, वर सोनेरी बसवेश्वर, आत मजकूर: 'गृहलक्ष्मी भांडी भांडार आणि आपला लाडका ग्राहकराजा यांचा शुभविवाह. सर्व भांड्यांवर वीस टक्के सूट.' खाली तारीख, पाडव्याच्या आधीचा रविवार. पत्रिकेसोबत कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आणि नातं पक्कं व्हावं म्हणून स्कूटीवरनं गावोगाव फिरून प्रत्येक उंबऱ्यात तोंडी सांगितलं, "चूलबंद आवतण हाय बरं का."

आता आपल्याकडं चूलबंद म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे जेवायला आवतण देणाऱ्याच्या दारात. अप्पांना वाटलं, चूलबंद म्हणजे फुल फॅमिली येणार, फुल फॅमिली म्हणजे फुल खरेदी.

आणि पत्रिका अख्खी वाचतो कोण? अक्षता दिसल्या, तारीख बघितली, पत्रिका देवाजवळ गेली. अप्पांना लग्नाची एकुलती एक लेक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी नऊला पहिला टेम्पो सास्तूरहून आला. त्यातनं अप्पांची आत्या इरम्मा चौदा माणसांनिशी उतरली, ती रडतच.

"हळदीला आत्याची आठवण झाली न्हाय व्हय रे? एकदम अक्षताला बोलावलंस?"

"कसली हळद, आत्या?"

"येड्याचं सोंग घेऊ नगंस. मांडव कुठाय?"

अप्पांनी मांडवासारखं काही दिसतंय का म्हणून वर बघितलं. खाली बघेस्तोवर आणखी तीन जीपा आल्या. मग मोटरसायकली. मग एसटी. रांग खरंच स्टँडला टेकली. फरक एवढाच, की रांगेतला एक माणूसही काही विकत घ्यायला आला नव्हता. प्रत्येकाच्या हातात आहेर होता. हांडे, कळशा, तांबे, परातीच पराती. सगळं समोरच्या स्टील मॉलमधनं घेतलेलं. कारण यजमानाच्याच दुकानातनं आहेर घेऊन यजमानालाच द्यायचा, हे बरं दिसतं का?

इंद्रजितला गॉगल घालायला सवड नव्हती. नावं घालायचं मशीन सकाळपासून करकरत होतं. दुपारी बारापर्यंत त्याच्या दुकानात एक चमचा उरला नाही.

"अहो," रुद्रम्मानं विचारलं, तेही हळू आवाजात. "ही समदी माणसं जेवायला आल्यात का?"

"चूलबंद सांगितलं होतं."

"का?"

"नातं जोडाया."

रुद्रम्मानं एकदा नवऱ्याकडं, एकदा रस्त्याकडं बघितलं आणि पदर खोचला. पंधरा वर्षं कुणी न घेतलेली चार मोठी पातेली मांडणीवरनं खाली आली. शेजारच्या किराणा दुकानातनं तांदळाची पोती आली. दीड तासात भात, आमटी आणि शिरा. उभ्या कळंबनं रस्त्यावर बसून जेवण केलं, वर "पातेल्याचं बूड लई जाड हाय, शिरा लागला न्हाय," असा शेरा दिला.

अडीचच्या एसटीनं अप्पांची लेक शिवप्रिया आली. परीक्षा संपवून लातूरहून घरी येणारी पोरगी. दारात पोचली तर बायका तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला लागल्या. तिनं एकीच्या हातातल्या हांड्यावरचं वाचलं: 'चि. सौ. कां. शिवप्रिया हिच्या विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट.' मग शेजारची कळशी वाचली. मग परात.

"अप्पा, साडेतीनशे भांड्यांवर माझं लग्न झालंय आन मला पत्ता न्हाय?"

"बेटा, ते मार्केटिंग हाय."

"नवरा कोण हाय?"

"ग्राहकराजा," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पाडव्याला चार दिवस, मांडण्या भरलेल्या त्या भरलेल्याच, आणि जमिनीपासून छतापर्यंत वर आणखी साडेतीनशे भांडी, पोरीचं नाव घातलेली, म्हणजे विकायची सोय नाही. रुद्रम्मानं शांतपणे मोबाईलवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

तेवढ्यात इंद्रजित आत आला. गॉगल खिशात, तोंड चुन्यासारखं.

"अप्पा, परवा सामुदायिक विवाह सोहळा हाय. एक्कावन्न जोडपी. संसाराच्या भांड्यांची ऑर्डर माझ्याकडं हाय आन... माल तुमच्याकडं हाय."

"तो नाव घातलेला हाय बाबा."

"नाव घातलेला नगं. तुमचा जुना द्या. समदा."

अप्पा 'वीस टक्के सूट' म्हणायला तोंड उघडणार, तोच रुद्रम्मानं फोन खाली ठेवला. "सूट सकाळी होती," ती म्हणाली. "आता छापील भाव."

रात्री आठला मांडण्यांवर फक्त धुळीचे गोल उरले होते. चार पातेलीसुद्धा गेली, शिऱ्याच्या वासासकट. रुद्रम्मानं सगळ्या मांडण्यांवरनं एक बोट फिरवलं आणि मोबाईलवाल्याला कळवलं, "गाळा मोकळा न्हाय." मग नवऱ्याला दोन वेळा शिरा वाढला. अप्पा त्या रात्री झोपेतसुद्धा छाती काढून झोपले.

शिवप्रियानं रांगेचं रील टाकलं होतं, ते आठ लाख लोकांनी बघितलं. लातूरच्या कोचनं ते स्टेजवर दाखवून सांगितलं, ह्याला म्हणतात व्हिजन. अप्पांना शाल मिळाली. भाषणात ते म्हणाले, "सगळं ठरवून केलं होतं." पहिल्या रांगेत बसलेल्या रुद्रम्माला तेव्हाच मोठ्यानं खोकला आला.

पुढच्या वर्षी शिवप्रियाचं खरंच जमलं. मुलगा उमरग्याचा, विरेश, पोलिसात. भांडी आधीच तयार, नुसतं नवऱ्याचं नाव घालायचं बाकी. अप्पांनी पुन्हा चारशे पत्रिका छापल्या, पुन्हा कुंकवाच्या अक्षता, पुन्हा स्कूटी. पहिली पत्रिका सास्तूरच्या आत्याला.

आत्यानं पत्रिका उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि अक्षरन् अक्षर वाचलं.

"बाकी समदं झ्याक हाय," ती म्हणाली. "पर ह्या टायमाला सूट किती टक्के, ते लिहायचं राहिलं की रे."