मूळ अजून कच्चं हाये

झाडाले पाणी घालताना कोणी दिसलं का आमचे शेजारी देवरावजी त्याच्या अंगावर धावून जातात. गल्लीतली सून असो का पाहुणा जावई, त्याहिले फरक पडत नाई. "काऊन मारून राह्यले झाडाले?" म्हणून खेकसतात. आमच्या आंजी गावात मे महिन्यात माणसं सावलीत बसून भाजतात, अन् हा माणूस आपली झाडं कोरडी ठेवते.

झाडं म्हणजे एकच जात, सदाफुली. तेलाच्या डब्यात, फुटक्या घमेल्यात, भिंतीच्या भेगेत, सगळीकडे तेच. "लाड केले का बिघडते," असं म्हणतात. झाडाबद्दल सांगतात का पोराबद्दल, ते समजत नाई. मातीत बोट खुपसतात. दोन पेरं कोरडी लागली तरच घोटभर पाणी. होळी झाली का कात्री घेऊन सारी झाडं वीतभर ठेवून छाटतात. तवा त्यांचं अंगण न्हाव्याच्या दुकानावानी दिसते. "उन्हाळ्यात टक्कल बरं," म्हणतात, अन् सोताच्या टकलावरून हात फिरवतात. बकरी आली तरी हाकलत नाईत. "तोंड नाई लावत ते. कडू हाये, माह्यासारखी."

माही घरवाली गेली तवापासून मले कोणाशी बोलायचाच कंटाळा. देवरावजीशी तर जास्तच. तिनं लावलेली एक सदाफुली आमच्या ओट्याजवळ कुंडीत होती. पांढरं फूल, मधात लाल ठिपका. तिच्या हातचं घरात तेवढंच जितं राह्यलं होतं.

अक्षय तृतीयेले तिच्या नावानं घागर भरली. ते पाणी गेलेल्या माणसाले पोचते म्हणतात. म्या म्हणलं, एक दिवस पोचून काय होते, उन्हाळा तर अजून सारा बाकी हाये. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घागर भरली अन् सदाफुलीत रिकामी केली. पानं पिवळी पडली. मंग मी संध्याकाळी बी घालू लागलो.

एक दिवस देवरावजी फाटकातून आत घुसले.

"कोनं मारली हे?"

"मारली नाई. पानी घालतो मी तिले."

"तेच तर म्हणून राह्यलो."

अन् न विचारता झाड उपटलं. मूळ काळं पडून सडलं होतं, बोटानं चिमटलं तर गळून आलं. मी ओट्यावर बसलो. घागरीचं सारं सांगून टाकलं. देवरावजी ते झाड हातात घेऊनच माह्या बाजूले टेकले.

"वहिनीले तहान असन, भाऊ," ते म्हणाले. "झाडाले नोती."

शेंड्याकडल्या दोन फांद्या हिरव्या होत्या. त्या कापल्या, खालची पानं खुडली अन् घरून रेती-मातीचा डबा आणून त्यात खोचल्या. मंग डबा काखेत मारून चालू लागले.

"डबा कुठं नेता?"

"तुमच्यापाशी ठेवला तर पुन्हा बुडवान. मूळ धरू द्या, मंग घेऊन जाजा."

तवापासून रोज संध्याकाळी मले तिकडे जावं लागते. ते अंगणात खाट टाकतात. काळा चहा करतात. कप दोनच, एकाचा कान तुटलेला, तो सोताले घेतात. पोरगा पुण्याले असते. त्याचा फोन आला का "हाव, हाव, बरा हाये" म्हणतात अन् फोन खाटेवर ठेवतात. मी डब्याकडे पाहत राहतो.

"झालं का, देवरावजी?"

"मूळ अजून कच्चं हाये."

पाऊस लागला. पोळा झाला. फांद्या फुटून डबा दिसेनासा झाला. पांढरी फुलं आली, मधात तोच लाल ठिपका. तरी मूळ कच्चंच.

परवा ते चहा ठेवाले आत गेले. म्या म्हणलं, आता पुरे झालं, अन् डबा उचलाले गेलो. तो जागचा हालला नाई. वाकून पाह्यलं, तं बुडाच्या भोकातून मुळं निघून फरशीच्या सांधीत खोल गेली होती.

मी गुपचूप खाटेवर येऊन बसलो.

देवरावजी कप घेऊन आले. "काय पाहून राह्यलते?"

"काई नाई. कच्चं हाये अजून."

"हाव," ते म्हणाले. जरा थांबून त्याहिनं डब्यात बोट खुपसलं, पुसलं, अन् खाटेखालचा पाण्याचा तांब्या माह्या हातात दिला.

"घाला आज. वहिनीच्या नावानं. थोडंच."