चाळीस सेकंदांची शांतता

मी मराठीत बसवत होतो त्या इंग्लंडातल्या नाटकाचं परदेशांत काय काय झालंय याची यादीच माझ्याकडे होती. एका देशात त्यात गाणी घातली, दुसऱ्या देशात शेवट गोड केला. दोन्हीकडे लेखकाने परवानगी काढून घेतली. मी आमच्या मंडळींना ठणकावून सांगितलं, "आपल्याकडे स्वल्पविरामही हलणार नाही. लेखकाची प्रतिनिधी पहिला प्रयोग बघणार आहे. तिला पटलं तरच पुढचे पन्नास प्रयोग, नाहीतर पेट्या बांधा."

मी सगळ्यांना बजावलं, पण हिशेब चुकला तो मामांचा. मामा म्हणजे माझे सख्खे मामा, तीस वर्षं विंगेत उभे राहून नटांना वाक्यं पुरवणारे. रंगमंचावर कोणी गप्प झालं की ते लगेच पुढचं वाक्य पुरवतात. आणि या नाटकात बायको नवऱ्याला विचारते, "मला न सांगता घर विकलंस?" त्यावर तो चाळीस सेकंद गप्प, मग म्हणतो, "हो, विकलं." नाटकाचा सगळा जीव त्या चाळीस सेकंदांत! तालमींत मी मामांचा दंड धरून बसायचो. प्रयोगाला मात्र प्रतिनिधीबाईंशेजारी बसावं लागलं.

बायकोने विचारलं. नवरा गप्प. पाचव्या सेकंदाला विंगेतून आवाज आला, "हो, विकलं."

नवरा माझ्या शिकवणुकीला जागून गप्पच राहिला. विंगेतला आवाज चढला,

"हो, विकलं! अरे, बोल की."

प्रेक्षक हसले. नवरा ढिम्म. शेवटी मामा चष्मा कपाळावर चढवून थेट रंगमंचावर आले आणि वही त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ, इथे आहोत आपण."

"माहितीये हो मामा," नवरा दात खाऊन म्हणाला, "पण मला गप्प बसायचंय."

मामा एरवी फक्त शेवटच्या नमस्कारालाच रंगमंचावर येतात. त्यामुळे पडदेवाल्याला वाटलं, संपलं नाटक. त्याने पडदा पाडला. नाटक सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती!

मी आत धावलो. जे तोंडाला आलं ते बोललो. मामा शांतपणे म्हणाले, "माझ्या देखत कोणी वाक्य विसरलेलं मला चालत नाही." मी वही भिंतीवर फेकली. मग पडदा उघडून उरलेलं नाटक कसंबसं उरकलं.

प्रयोगानंतर प्रतिनिधीबाई डोळे पुसतच आत आल्या. मराठीचं त्यांना अक्षर कळत नव्हतं. म्हणाल्या, "तो म्हातारा! नवऱ्याचं मनच बाहेर येऊन उभं राहिलं. इतक्या देशांत हे कोणालाच सुचलं नाही." पन्नास प्रयोगांची परवानगी मिळाली. अट एकच, आणि तीही लेखी: म्हातारा हाच, जागा हीच, बदल नाही.

तेव्हापासून मामा नट झालेत. गालाला रंग लावतात, आरशासमोरून हलत नाहीत आणि नटांसारखे वाक्यही विसरतात. विंगेत वही घेऊन उभं राहायला दुसरं कोणी तयार नाही, म्हणून मी उभा राहतो. काल ते रंगमंचाच्या मधोमध येऊन नुसतेच उभे. मी विंगेतून तीनदा सांगितलं, "हे बघ, इथे आहोत आपण." तिसऱ्यांदा ते माझ्याकडे वळले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"गप्प बस रे. इथे शांतता आहे."