कोष्टकाचं गणगोत

ही गोष्ट २०२२ सालच्या मे महिन्यातली. पीएच.डी.च्या प्रबंधातल्या गणिताचं शेवटचं उत्तर शनिवारी दुपारी तीनपर्यंत विद्यापीठाला गेलं नाही, तर आर्याचे सहा महिने वाया जाणार होते. आणि शुक्रवारी सकाळीच तिचा लॅपटॉप गोठला.

काम साधं होतं. गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एका लहानशा कोष्टकाच्या वीस नकला करायच्या. तेराव्या नकलेलाच मेमरी भरली.

"मेमरी दुप्पट कर," पुण्याहून मोठ्या भावाने, सलिलने, फोनवर निदान केलं.

आर्याने मारुती मंदिराजवळच्या दुकानातून मेमरी दुप्पट करून आणली. आता लॅपटॉप चौदाव्या नकलेला गोठला.

"एवढी धावपळ करून एकच वाढली?" तिने पुन्हा सलिलला फोन केला.

"मग अजून वाढव की!"

ती कॉलेजातल्या मोठ्या संगणकावर गेली. तो सोळाव्या नकलेला बंद पडला, तोही त्यावर निकालाचं काम करणाऱ्या गुरुप्रसाद सरांच्या पत्रकांसकट.

"अहो मॅडम, तुमचं एक कोष्टक, पण माझी दोनशे मुलं अडकली!"

रडवेली आर्या घरी आली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली कुसुमआत्या ओटीवर भावाच्या एकसष्टीची आमंत्रणं लिहीत होती.

"एका नकलेला जागा किती लागते, मोजलंस?"

"नाही गो."

"मग मोज आधी."

आर्याने मोजलं. "एक... दोन... चार... आठ... आत्या, दर वेळी दुप्पट!"

"अगो, हे चूलबंद आमंत्रण गेलंय, अख्ख्या घराला! नक्कल एकटी येत नाही, आधीच्या सगळ्यांना घेऊन येते. कोष्टकाच्या पोटात नातेवाइकांची यादी आहे का बघ."

होती! प्रत्येक कोष्टक आपल्या नकलांची यादी बाळगत होतं, आणि नक्कल करताना यादीतली सगळी मंडळीही पुन्हा नव्याने तयार होत होती.

"त्याला सांग, घरटी एकच माणूस."

यादी वगळणारी एक ओळ आर्याने लिहिली. वीसच्या वीस नकला झाल्या, त्याही जुन्या मेमरीत मावतील एवढ्या! शनिवारी साडेअकरालाच उत्तर गेलं.

एकसष्टीच्या पंगतीत सलिल सांगत होता, "मीच म्हटलं, आधी मोज."

आत्याने वाढता वाढता विचारलं, "मग दुप्पट कर म्हणणारा कोण रे तो?"

"तो... माझा मित्र."

आर्या डॉक्टर होऊन चिपळूणला शिकवते. तिची ओळ त्या सॉफ्टवेअरमध्ये कायमची सामील झाली. गुरुप्रसाद सरांची पत्रकं सापडली, पण ती जुन्या कॉलेजात भेटायला गेली, तर ते अजून तिला संगणकाजवळ फिरकू देत नाहीत. आणि ऑफिसात काही अडलं, की सलिल हळूच जिन्यात जाऊन आत्याला फोन लावतो.